बेटावर पाय धुताना

गॅब्रिएल बेटावरून परत निघताना मी पिण्याच्या पाण्याने पाय धुतले. मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या या बेटाला मोठी बोट थेट लागत नाही. ती जरा लांब, उथळ निळ्या पाण्यात नांगर टाकून उभी राहते आणि एक रबरी होडी आठ-दहा माणसांना घेऊन किनाऱ्याशी ये-जा करते. आमची पाळी यायला वेळ होता. प्रवाळाची बारीक वाळू मुलीच्या पोटऱ्यांना आणि माझ्या घोट्यांना रव्यासारखी चिकटली होती, खारट पाणी सुकून कातडी ओढल्यासारखी झाली होती, आणि पिशवीत लिटरभर पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली होती. मी तिचे झाकण काढले आणि आधी मुलीच्या, मग माझ्या पायांवर, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवत पाणी सावकाश ओतले. "आई, होडीत चढायला आपण परत समुद्रातच पाय घालणार आहोत," असे मुलगी म्हणाली तोवर बाटलीच्या तळाला चार बोटे पाणी उरले होते. होडीचा दोर धरून उभा असलेला साठीचा खलाशी आमच्याकडे नाही, तर आमच्या पायांखाली पाहत होता. वाळूने पाणी तत्काळ पिऊन टाकले होते आणि तिथे फक्त एक करडा डाग राहिला होता. "मॅडम, यहाँ पानी नहीं है," तो म्हणाला. मला वाटले, तो साठ्याबद्दल बोलतो आहे. "बोट पर है ना?" मी विचारले. "हाँ, बोट पर है," असे म्हणून त्याने तोंड फिरवले आणि दोराचा पीळ सोडवायला लागला.

एवढेच झाले. त्याच्या आवाजात राग नव्हता.

तरीही त्या आठ दिवसांच्या सहलीतले इतर बरेच काही पुसट झाले असताना तो करडा डाग मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. तो दिवस अतिशय सुखाचा होता, हे आधीच सांगून टाकते; त्यानंतर जे कळले त्यामुळे तो दिवस वाईट होता असे म्हणण्याचा मोह मला टाळायचा आहे. सकाळी हॉटेलच्या दारातून गाडीने उचलून ग्रां बेच्या बंदरावर सोडले. तीसेक प्रवाशांची, दोन सांगाड्यांची, शीड असूनही बहुतेक वेळ इंजिनावर चालणारी बोट होती. पुढच्या बाजूला दोन सांगाड्यांच्या मध्ये जाळे ताणलेले असते. त्यावर पालथे पडले की खालून पळणारे पाणी थेट तोंडावर उडते. वाटेत क्वँ द मीर नावाचा सुळका लागतो, एका बाजूने पाचरीसारखा तासलेला, आणि त्याच्या कपारींतून शेपटीला लांब पांढरी पिसे असलेले ते समुद्रपक्षी भिरभिरतात, ज्यांचे चित्र आपण येताना विमानाच्या शेपटीवर पाहिलेले असते. मग दीड-दोन तासांनी फ्लॅट आयलंड आणि गॅब्रिएल ही जोडबेटे समोर येतात. या बाजूच्या बेटांच्या नावांची एक गंमत बोटीवर प्रत्येकाला सांगतात: राउंड आयलंड गोल नाही, सर्पांचे म्हणून ओळखले जाणारे बेट बिनसापांचे आहे, आणि फ्लॅट आयलंड सपाट नाही, त्याच्या एका टोकाला चांगली टेकडी असून तिच्यावर १८५५ मध्ये बांधलेले दीपगृह उभे आहे. ही गंमत ऐकून आम्हीही हसलो. निखाऱ्यांवर भाजलेली कोंबडी, मासे, पाव, कोशिंबीर, मसाले घातलेली रम, मागच्या बाजूला कोणीतरी वाजवत असलेला सेगाचा, म्हणजे तिथल्या लोकसंगीताचा, ठेका, असे सगळे यथासांग झाले आणि मग तीन तासांसाठी बेट आमच्या ताब्यात आले.

ताब्यात आले, हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. मोठ्या बेटावर आपण पाहुणे असतो. तिथे वाहतूक असते, उसाची शेते असतात, शाळेतून घरी जाणारी मुले असतात, हॉटेलच्या भिंतीपलीकडे कोणाचे तरी कपडे वाळत असतात. छोट्या बेटावर यातले काहीच नसते, आणि ते नसण्याचेच आपण पैसे मोजलेले असतात. आमच्यासारख्याच आणखी चार बोटी तिथे उभ्या होत्या, किनाऱ्यावर शंभर-सव्वाशे माणसे सहज असतील, पण तरीही प्रत्येक जण फोटो काढताना दुसरा कोणी चौकटीत येणार नाही असा कोन शोधत होता. मी स्वतः वाळूत एका गुडघ्यावर बसून नवऱ्याचे आणि मुलीचे असे छायाचित्र काढले, ज्यात मागे फक्त समुद्र आणि एक झुडूप आहे. ते आजही आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. पाहणाऱ्याला वाटावे, ही दोनच माणसे तिथे होती.

माझे माहेर मालवणचे. बेटाला एका दिवसापुरते जाऊन येणे हे आमच्या घरी सहल या सदरात मोडतच नसे. पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायला न्यायचे, म्हणजे धक्क्यावरून होडीत बसायचे, सिंधुदुर्गाच्या दरवाजाशी उतरायचे, फिरून परत यायचे, इतके ते सवयीचे होते. किल्ला दाखवताना माझी आजी शिवराजेश्वराचे मंदिर किंवा महाराजांच्या हातापायाचे ठसे यांच्याही आधी विहिरी दाखवायची. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये ही तीन गोड्या पाण्याची तोंडे! पाहुण्यांना ती पोहरा सोडायला लावून पाणी चाखायला लावायची आणि त्यांच्या तोंडाकडे अशी पाहत राहायची, जणू विहीर तिनेच खणली आहे. १६६४ मध्ये महाराजांनी कुरट्याच्या खडकावर किल्ला बांधायला घेतला, त्याची कारणे इतिहासाच्या पुस्तकात पुष्कळ आहेत, पण आजीच्या मते कारण एकच होते. कुठल्याही बेटाचे नाव कानावर आले, मग ते अंदमान असो की शेजारच्या मुलाला नोकरी लागली ते बहारीन, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "थंय गोडा पाणी आसा काय?" आणि बाहेरून आलेल्या आम्हा मुलांना उंबऱ्याशीच थांबवून ती म्हणायची, "पाय धुवन ये गो." पायांवर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाही ही सवय माझ्या अंगात तिथून आली आहे. गॅब्रिएलवर मी बाटली उघडली तेव्हा विचार असा काहीच केला नव्हता. बोटीवर चढायचे म्हणजे पाय धुवायचे, एवढाच तो हाताचा परिपाठ होता. तिथे मला आजीची सवय आठवली आणि तिचा प्रश्न आठवला नाही.

दोन दिवसांनी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातून आणलेले करारबद्ध मजूर जिथे उतरत ती जागा, पाहायला गेलो. तिथल्या दगडी १६ पायऱ्यांविषयी आणि १८३४ च्या २ नोव्हेंबरला ॲटलास जहाजातून आलेल्या ३६ मजुरांविषयी मी इथे पुन्हा सांगत बसत नाही. मॉरिशसला जाणारा प्रत्येक मराठी माणूस त्या पायऱ्यांवर उभा राहून फोटो काढतोच, आम्हीही काढला. मला अडकवले ते वेगळ्याच गोष्टीने. आम्हाला माहिती सांगणारी मुलगी पायऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच्या टप्प्याबद्दल बोलत होती. जहाजावर पटकी किंवा देवी निघाली तर माणसांना इथे उतरू देत नसत, आधी बाहेरच्या बेटांवर ठेवत, असे ती म्हणाली आणि तिने हात उत्तरेकडे केला. मी विचारले, कोणती बेटे? "फ्लॅट आयलंड. आणि गॅब्रिएल," ती म्हणाली. माझ्या खांद्यावर तेव्हा तीच पिशवी होती आणि तिच्या शिवणींत अजून ती वाळू होती.

हकिगत १८५६ ची आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, पटकीच्या साथीने मॉरिशसमध्ये हजारो माणसे मेली होती आणि बेटावर धास्ती होती. अशा वेळी कलकत्त्याहून मजुरांना घेऊन हैदरी आणि फत्ते मुबारक ही दोन जहाजे आली, आणि त्यांच्यावर पटकी होती. त्या माणसांना पोर्ट लुईला न आणता गॅब्रिएलवर उतरवले गेले. शेकडो माणसे होती. निवाऱ्याची, औषधाची, पाण्याची धड सोय नव्हती, आणि हंगाम तिकडच्या उन्हाळ्याचा, म्हणजे वादळी पावसाचा. त्यांतली अडीचशेहून अधिक माणसे त्या बेटावर मेली. बातमी इकडे पोहोचल्यावर खुद्द हिंदुस्थान सरकारला मॉरिशसला मजूर पाठवणे काही काळ थांबवावे लागले, यावरून प्रकार किती भयंकर झाला असेल ते समजावे, कारण ते सरकार मजुरांच्या मरणाने सहजासहजी हलणारे नव्हते. 'फत्ते मुबारक' हे नाव मी घरी आल्यावर दोन-तीनदा मोठ्याने उच्चारून पाहिले. विजय मुबारक असो, असे नाव असलेल्या जहाजातून ती माणसे आली होती.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल की मला अपराधी वाटले. तसे सरळ नाही. मजेची जागा कधीतरी दुःखाची जागा होती, हे जगातल्या निम्म्या सुंदर जागांबद्दल म्हणता येईल, आणि तेवढ्यावरून सुस्कारे टाकणारे प्रवासवर्णन मला स्वतःला वाचवत नाही. मला खटकत राहते ते दुसरेच, आणि ते मी नीट सांगू शकेन की नाही, शंका आहे. ज्या कारणांसाठी त्या माणसांना तिथे ठेवले, नेमक्या त्याच कारणांसाठी आम्हाला तिथे नेले जाते. बेटावर कोणी राहत नाही. ते मुख्य भूमीपासून पुरेसे लांब आहे, पण बोटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे इतके जवळ आहे. आणलेल्या बोटीखेरीज तिथून निघता येत नाही. ओढा नाही, ओहोळ नाही. प्यायचे ते बरोबर न्यायचे. आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात यातल्या प्रत्येक गोष्टीचे कौतुकच केले होते, फक्त पाण्याचा उल्लेख 'शीतपेये तिकिटात समाविष्ट' असा होता.

आणि ते दृश्य. गॅब्रिएलच्या वाळूवर बसून दक्षिणेकडे पाहिले की मॉरिशस दिसतो. आम्ही गेलो त्या दिवशी हवा स्वच्छ होती, त्यामुळे डोंगरांची निळसर रांग स्पष्ट होती आणि तिच्यात पीटर बोथचे शिखर ओळखू येत होते, कारण त्याच्या टोकावर मानेवर डोके ठेवावे तसा एक गोल प्रचंड धोंडा आहे. मुलीने तो आधी पाहिला. "तो पडत कसा नाही?" तिने विचारले, आणि मग तिने व बाबाने मिळून तो कधी पडेल यावर पैज लावली. ते दोघे तिकडे हसत होते, मी बाजूला सुरूच्या विरळ सावलीत पडून नारळाच्या तेलाचा, मिठाचा आणि भाजलेल्या मांसाचा मिसळलेला वास घेत होते, आणि मला मनापासून वाटत होते की आणखी तासभर मिळाला तर बरे. हेच डोंगर १८५६ मध्ये त्या माणसांना दिसत असणार. कलकत्त्याहून कित्येक आठवडे समुद्रातून येऊन, जिथे काम आहे, पगार आहे, भात-डाळीचा शिधा आहे असे सांगितले होते तो देश समोर ढगांखाली हिरवा दिसतो आहे, रोज सकाळी तो धोंडा डोंगराच्या डोक्यावर तसाच आहे, आणि तिकडचे ढग पाऊस घेऊन तिकडेच थांबतात. आमच्यासारखेच त्यांच्यातही एखादे मूल असेल, ज्याने तो धोंडा आधी पाहिला असेल. याच्या पुढे मला कल्पना करता येत नाही, आणि करूही नये असे वाटते.

नंतर आम्ही पूर्व किनाऱ्याला इल ओ सेर्फवर गेलो. हे बेट एका दिवसाच्या सहलींचे खरे माहेरघर. तिथे १८ खड्ड्यांचे गोल्फचे मैदान आहे, पॅराशूट लावून होडीमागे उडवतात, मासा तळून देणारी उपाहारगृहे आहेत, आणि हरणांचे बेट असे नाव असूनही हरीण औषधालाही नाही. मला ते आवडले नाही. तिथे रिकामेपणाचे सोंगही उरलेले नाही. पण ज्या गावातून होडी सुटते त्याचे नाव त्रू दो दूस. नवऱ्याने होडीवाल्याला अर्थ विचारला. गोड्या पाण्याचे भोक, तो म्हणाला. गावात समुद्राच्या अगदी जवळ गोडा झरा आहे, म्हणून हे नाव. आम्ही तो झरा पाहायला गेलो नाही, कारण होडीची वेळ झाली होती. दक्षिण कोकणात 'गोडबाव' असे नाव एखाद्या वाडीला सहज असू शकते. समुद्राकाठच्या माणसांना सगळीकडे सारखेच सुचते, असे मला होडीत बसल्यावर वाटले, आणि आजीला हे नाव सांगायला हवे होते असेही.

मॉरिशसमधल्या मराठी माणसांबद्दल ऐकून होते, म्हणून ओळखीतून एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे कात्र बोर्नला चहाला गेलो. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून आलेले; मुंबईहून अशी तीसेक हजार माणसे गेली, कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने थोडी. गुरुजींचे मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ आणि जरासे पुस्तकी होते, बाईंचे अर्धे क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, बुडवलेले. गणपतीला सार्वजनिक सुट्टी असते हे त्यांनी अभिमानाने सांगितले, घरातले जाखडीचे फोटो दाखवले. मी गॅब्रिएलचा विषय काढला. गुरुजी म्हणाले, आम्ही कधी गेलो नाही. बोटीचे ते भाडे प्रवाशांचे; आम्ही रविवारी भाताचे पातेले घेऊन माँ श्वाझीच्या किनाऱ्यावर झाडांखाली बसतो. मग थोडे थांबून, जणू मला दिलासा देण्यासाठी, ते म्हणाले, "आणि ती जहाजे कलकत्त्याची होती. त्यांत आपले कोणी नव्हते." बाई आतून चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला, कप सरळ केले आणि म्हणाल्या, "माझी आई बिहारी." गुरुजी काही बोलले नाहीत. आम्ही सगळ्यांनी चहात साखर घातली.

मला त्या क्षणी खलाशाची आठवण झाली, कारण तोही माझ्याशी हिंदीत बोलला होता आणि मी गृहीत धरले होते की हिंदी चित्रपट पाहून शिकला असेल. आता मी परतीचा प्रवास पुन्हा आठवून पाहते. होडीने आम्हाला मोठ्या बोटीवर सोडले. बोटीच्या मागच्या पायरीशी गोड्या पाण्याचा एक लहान फवारा होता, समुद्रातून चढणाऱ्याने त्याखाली उभे राहून अंगावरचे मीठ उतरवायचे. म्हणजे तिथे पाय धुण्याची सोय होतीच, मी फक्त दहा मिनिटे थांबले नव्हते. तो खलाशी त्या पायरीवर बसला होता आणि एकेक प्रवासी फवाऱ्याखालून गेला की हात मागे नेऊन तोटी बंद करत होता, पुढचा आला की पुन्हा उघडत होता. आमच्या बोटीवर तीस माणसे. त्याने तीस वेळा तोटी बंद केली. मुलगी त्याच्याकडे पाहून हसली तेव्हा त्याने थोडे अधिक वेळ पाणी चालू ठेवले आणि तिच्या पायांकडे बोट दाखवून विचारले, "साफ हुआ?" ती हो म्हणाली. माझी पाळी आली तेव्हा मी पाय पुढे केले नाहीत, का ते तेव्हा मलाही कळले नाही. नुसते मान हलवून वर चढले. घोट्यांवरची नवी वाळू तशीच घेऊन मी पुढच्या जाळ्यावर जाऊन बसले. बोट वळली, ऊन पाठीवर आले, कोणीतरी पुन्हा सेगा लावला. पिशवीत त्या बाटलीत चार बोटे पाणी होते. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर नवरा ते बेसिनमध्ये ओतायला निघाला, तेव्हा मी त्याच्या हातातून बाटली घेतली. पाणी कोमट झाले होते आणि झाकणाशी वाळूचे दोन-तीन कण होते. मी ते पिऊन टाकले.